पगारवाढ मागायच्या आधी करार वाचा

पहिली दोन वर्षं मी चुकीच्या माणसाशी भांडत होते. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका निवारागृहात केसवर्कर होते, म्हणजे तिथे येणाऱ्यांच्या केसेस सांभाळायचे. दर सहा महिन्यांनी संचालकबाईंकडे पगारवाढ मागायची, त्या "बघू" म्हणायच्या, मी धुसफुसत परत. एकदा वैतागून त्यांनी बजेटचा कागदच माझ्यापुढे सरकवला. माझ्या पदासमोर एक आकडा होता आणि पुढच्या दोन वर्षांच्या रकान्यांतही तोच. माझा पगार बाईंनी ठरवलाच नव्हता. मी रुजू होण्याआधी संस्थेचा सरकारशी अनुदानाचा जो करार झाला, त्यात तो गोठला होता.

म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी मुलाखतीतच विचारावं: हे पद कोणत्या अनुदानातून आहे, करार किती वर्षांचा, वार्षिक वाढ त्यात लिहिली आहे का? महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर न वाढलेल्या पगारातल्या शंभराची किंमत तीन वर्षांनी चौऱ्याऐंशी उरते. नेमणूकपत्रात 'वेतन' आहे की 'मानधन', तेही पाहा. मानधन म्हटलं की भरपगारी रजा आणि निवृत्तीनंतरची तरतूद हे विषय बऱ्याचदा निघतच नाहीत. (मान आणि धन, दोन्ही बेताचंच.)

दुसरी गोम प्रशासकीय खर्चात असते. हिशेबनीस, जागेचं भाडं, पर्यवेक्षकाचा वेळ हे सगळं लागतंच, पण अनुदान देणाऱ्याला ते उधळपट्टी वाटतं. अमेरिकेत केंद्रीय अनुदानातल्या अशा खर्चासाठी, वेगळा दर ठरलेला नसेल तर, संस्थेला १० टक्क्यांचा सरसकट दर लावता येत असे. ऑक्टोबर २०२४पासून तो १५ टक्के झाला. जिथे ही रक्कम तोकडी पडते तिथे संस्था एखादं पद रिकामं ठेवते किंवा आहेत त्यांचे पगार दाबते. अनुदानाचा हप्ता उशिरा आला की पगारही उशिरा, हे वेगळंच.

आमच्याकडे फरक पडला तो अनुदानाच्या नव्या प्रस्तावाच्या वेळी. करार चालू असताना कितीही ओरडलं तरी आकडा हलत नाही. तो हलतो पुढचा प्रस्ताव लिहिताना. आम्ही एक साधा तक्ता केला: दीड वर्षात सहांपैकी चार जण सोडून गेले, प्रत्येक जागा किती दिवस रिकामी राहिली, त्या काळात किती केसेस एका केसवर्करकडून दुसरीकडे फिरल्या. एका मुलीला आपली तीच कहाणी तीन केसवर्करना सांगावी लागली होती. तेही नाव न घालता लिहिलं. शेजारच्या रकान्यात तेवढ्याच शिक्षणाच्या सरकारी पदाची वेतनश्रेणी. मग त्याच योजनेतल्या इतर संस्थांनाही सोबत घेतलं, कारण एकट्या संस्थेला अनुदान जाण्याची धास्ती असते. कमी आकडा भरून दुसरा काम पटकावेल, ही भीती खोटी नसते. आम्हीही एकदा तसंच केलं होतं.

अनुदान मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला शत्रू समजू नका. आमच्या अधिकाऱ्यांना पटलं होतं, पण फाइलला लावायला कागद हवा होता. तो आम्ही दिला. वार्षिक वाढीचं कलम मिळालं, सरकारी पदाची बरोबरी मात्र मिळाली नाही.

एवढ्यावर भागत नाही, बरोबरीसाठी मोठी लढाई लागते. ऑस्ट्रेलियात २०१२ साली फेअर वर्क ऑस्ट्रेलिया या न्यायाधिकरणाने सामाजिक सेवा क्षेत्रातल्या कामगारांच्या किमान दरांत २३ ते ४५ टक्के वाढ मंजूर केली, आठ वर्षांत टप्प्याटप्प्याने. हे काम मुख्यतः बायका करतात आणि म्हणून त्याचं मोल कमी लावलं गेलं, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. न्यूझीलंडमध्ये वृद्धाश्रमात काम करणाऱ्या क्रिस्टीन बार्टलेट यांच्या दाव्यातून २०१७ साली देखभाल कामगारांसाठी समझोता झाला. दोन्हीकडे सरकारने वाढीसाठी वेगळा पैसा काढला, हे नीट लक्षात घ्या. नुसता वाढीचा आदेश आला आणि अनुदान तेवढंच राहिलं, तर संस्था माणसं कमी करते.

आता माझ्या टेबलापुढे नवी केसवर्कर येऊन उभी राहते. मी "बघू" म्हणत नाही, बजेटचा कागद दाखवते आणि करार कधी संपतो ती तारीख तिच्या वहीत लिहायला लावते. कोण कधी सोडून गेलं याचा तक्ताही हल्ली तीच भरते.