गाण्यातून तबला वेगळा काढताय? या चुका टाळा

तीनतालातलं एखादं नाट्यगीत डीमक्समध्ये, म्हणजे गाण्यातले आवाज वेगळे करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाका, त्यातून निघालेली ‘ड्रम्स’ नावाची फाइल उघडा आणि नुसती तीच ऐका. समेवरचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरचा, धा बऱ्याचदा ना म्हणून ऐकू येईल. वाजवणाऱ्याने धाच वाजवलेला असतो. पण धा म्हणजे तबल्यावरचा ना आणि डग्ग्यावरचा गे एकत्र. सॉफ्टवेअरने ना ‘ड्रम्स’मध्ये ठेवला आणि गेचा घुमारा ‘बास’मध्ये नेऊन टाकला.

आता याचा परिणाम बघा. तीनतालात दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्गा बंद असतो: तिं तिं ता ता. चौदाव्या धिंला तो पुन्हा बोलतो आणि कानाला कळतं, सम जवळ आली. डग्गाच वेगळ्या फाइलमध्ये गेला तर धिं आणि तिं सारखेच ऐकू येतात. खाली-भरीचा, म्हणजे डग्गा बंद असलेल्या आणि डग्गा वाजणाऱ्या भागांतला, फरक उरत नाही. नवशिक्या विद्यार्थ्याने अशा फाइलवरून ठेका उचलला तर त्याचा हात तयार होईल, पण ताल पाठ होणार नाही. केरवा-दादऱ्यातल्या भावगीतांचं हेच होतं आणि लावणीतल्या ढोलकीचं तर जास्तच, कारण तिथली सगळी मजा डाव्या हाताच्या घुमकीत असते.

उपाय सोपा आहे. तबला ऐकायचा असेल तर ‘ड्रम्स’ आणि ‘बास’ या दोन्ही पट्ट्या, म्हणजे वेगळ्या निघालेल्या फाइली, एकत्र चालू ठेवा. गाण्यात बास गिटार असेल तर तीही ऐकू येईल, ते चालवून घ्या. जुन्या मैफिलीच्या किंवा नाट्यगीताच्या रेकॉर्डमध्ये बास गिटार नसतेच, म्हणजे तिथे ‘बास’ पट्टीत जे काही आहे त्यातलं बहुतेक डग्ग्याचंच.

फाइलच्या नावावर विश्वास ठेवणं

असं का होतं? ही सॉफ्टवेअर गाणी ऐकून शिकलेली आहेत, आणि कुठली गाणी ऐकली यावर सगळं ठरतं. या क्षेत्रात सर्वाधिक वापरला गेलेला खुला संग्रह म्हणजे २०१७ मधला एमयूएसडीबी१८. त्यात १५० गाणी आहेत, १०० शिकवणीसाठी आणि ५० परीक्षेसाठी, आणि ती मुख्यतः पाश्चात्त्य पॉप-रॉक वळणाची. प्रत्येक गाण्याचे चार खण: गायन, ड्रम्स, बास आणि ‘अदर’, म्हणजे बाकी सगळं. डिझर कंपनीने २०१९ मध्ये खुलं केलेलं स्प्लीटर असो की फेसबुकच्या संशोधकांचं डीमक्स, चार खणांची ही विभागणी रूढ झाली ती झालीच. त्यात पेटीला, सारंगीला, तानपुऱ्याला स्वतःची जागा नाही. जे वाद्य ज्या खणातल्या आवाजासारखं वाटेल तिकडे जातं.

बासरी, सनई, व्हायोलिन आणि सारंगी यांचा एकच सलग सूर असतो, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) असते, श्वासासारखी चढउतार असते. म्हणून त्यांचे तुकडे ‘गायन’ पट्टीत सापडतात. पेटीचं दुखणं आणखी वेगळं. संगत करणारा पेटीवाला गायकाच्या पाठोपाठ तेच स्वर त्याच सप्तकात वाजवतो. गायक गात असताना पेटी अर्धी गायनात विरघळते आणि गायक थांबला की भरण्याची जागा कधी ‘गायन’मध्ये, कधी ‘अदर’मध्ये उमटते. पेटी शिकणाऱ्यांनी म्हणूनच फक्त ‘अदर’ ऐकून ‘इथे वादकाने काही वाजवलं नाही’ असा निष्कर्ष काढू नये. गायन पट्टीतल्या गायक थांबतो त्या जागा शोधा, तिथे ती सापडेल.

डीमक्सची सहा पट्ट्यांची आवृत्तीही आहे, तिच्यात गिटार आणि पियानो वेगळे निघतात. सतार, संतूर, मँडोलिन वाजवणाऱ्यांना ती मोहात पाडते. पण तिच्यातली पियानोची पट्टी फारशी नीट चालत नाही हे खुद्द बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. सतारीच्या तारा गिटारमध्ये, पियानोत आणि ‘अदर’मध्ये विखुरतात आणि एक गत तीन फाइलींमधून वेचत बसावी लागते. भारतीय वाद्यांसाठी मला चार पट्ट्यांची आवृत्तीच बरी वाटते. निदान सगळं ‘अदर’मध्ये एका ठिकाणी असतं.

आपल्या संगीतावर शिकवलेलं सॉफ्टवेअर का नाही, असा प्रश्न पडेल. अडचण मुळातच आहे. शिकवणीसाठी प्रत्येक वाद्याचं स्वच्छ, वेगळं ध्वनिमुद्रण लागतं, आणि आपली मैफल एका बैठकीवर होते. तबल्याच्या माइकमध्ये गाणं शिरतं, गाण्याच्या माइकमध्ये तबला. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातून आलेल्या ‘सारगा’ या संग्रहात कर्नाटक मैफिलींचे प्रत्येक माइकचे वेगळे ट्रॅक आहेत, पण तेही असेच एकमेकांत मिसळलेले.

‘सोलो’चं बटण दाबून ठेवणं

पट्टी एकटी ऐकली की तिच्यात पाण्याखालून आल्यासारखा, बुडबुड्यांचा आवाज जाणवतो. मग माणूस वेगवेगळी सॉफ्टवेअर धुंडाळत बसतो. एक संध्याकाळ तिथेच जाते आणि रियाज राहतो.

खरं तर तो आवाज एकट्या पट्टीतच खुपतो. बाकीच्या पट्ट्या परत जोडल्या की त्यांच्याखाली तो झाकला जातो. म्हणून संपूर्ण बंद करणं आणि संपूर्ण एकटं ऐकणं, दोन्ही टोकं सोडा. तबल्याचा रियाज करायचा तर गायन आणि ‘अदर’ पूर्ण आवाजात आणि ड्रम्स-बास साधारण १२ डेसिबलने खाली ठेवा. मूळ वादक मागून हलकेच ऐकू येतो, तुम्ही चुकलात तर कळतं, आणि सॉफ्टवेअरचे दोष कानावर येत नाहीत. ठेका उचलायचा असेल तेव्हा उलट करा: ड्रम्स-बास पूर्ण, बाकीचं १२ डेसिबल खाली. गाण्याचा मुखडा कानावर असल्याशिवाय समेची जागा तशीही कळत नाही.

आणि एखादा बोल खरंच वाजलाय की सॉफ्टवेअरने उगवलाय अशी शंका आली तर मूळ गाणं लावा. पट्टीत आहे आणि मूळ गाण्यात कान लावूनही नाही, तर तो लिहून घेऊ नका.

चुकीची फाइल, चुकीचा क्रम

व्हॉट्सॲपवर आलेली, तीनदा दाबली गेलेली एमपी३ फाइल टाकायची आणि तबला स्वच्छ हवा म्हणायचं, हे जमत नाही. दाबताना सर्वात आधी वरच्या कंपनांचा बळी जातो, आणि तबल्याची चाट (कडेवरचा टणक आवाज), मंजिरीची किणकिण तिथेच असते. सीडी असेल तर तिच्यावरून वेव्ह (न दाबलेली) फाइल काढा. स्प्लीटर वापरत असाल तर आणखी एक: त्याची नेहमीची मॉडेलं फक्त ११ किलोहर्ट्झपर्यंत काम करतात, त्याच्या वरचं आपोआप जातं. १६ किलोहर्ट्झचा पर्याय निवडा, नाहीतर चाट बोथट झालेली ऐकू येईल.

जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला, मोनो असल्यामुळे वेगळं निघणारच नाही. तसं नाही. डावीतून उजवी बाजू वजा करून गायक काढायची जुनी कराओके युक्ती मोनोवर चालत नाही, कारण दोन्ही बाजू सारख्या, वजाबाकी शून्य. नवीन सॉफ्टवेअर कंपनांच्या आकृतीवरून ठरवतं, त्यामुळे मोनोतूनही काही ना काही हाती लागतं. दुसरा गैरसमज, आधी खरखर काढावी. खरखर घालवणारे फिल्टर जोरात लावले की तबल्याच्या आघाताची धारही जाते, आणि नेमकी तिच्यावरून सॉफ्टवेअर तबला ओळखतं. आधी वेगळं करा, मग हव्या त्या पट्टीची साफसफाई करा. तबकडीची कडकड बहुतेक वेळा ‘ड्रम्स’मध्ये जमा होते, तिथे ती टिपणं सोपंही जातं.

लय कमी करायची असेल तरी क्रम हाच. मूळ लयीत वेगळं करा, नंतर सगळ्या पट्ट्या एकत्र संथ करा. ऑडॅसिटीत ‘टेम्पो’ बदला, ‘स्पीड’ नाही; स्पीड कमी केला की सूरही उतरतो. मूळ लयीच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत तबला तग धरतो. निम्म्यावर नेलात की तिरकिटमधली प्रत्येक टीप दोनदा वाजल्यासारखी होते.

सूर बदलताना तबला विसरणं

पाश्चात्त्य गाणी वाजवणारे एक चांगली युक्ती सांगतात: सूर बदलताना ड्रम्सच्या पट्टीला हात लावू नका, म्हणजे ड्रम्सचा आवाज बिघडत नाही. आपल्याकडे ही युक्ती अंगाशी येते. तबला साधारणपणे षड्जात मिळवलेला असतो. काळी दोनमधलं गाणं काळी एकमध्ये उतरवलंत आणि तबला काळी दोनमध्येच ठेवलात, तर प्रत्येक ना बेसूर. तबला बाकीच्यांबरोबरच उतरवायला हवा. मात्र दोन-तीन अर्धस्वरांपलीकडे गेलं की तो ढोबळ वाटू लागतो. तेवढा फरक हवा असेल तर तबल्याची पट्टी बंद करून मोबाइलमधला तालमाला, म्हणजे ठेका वाजवणारं ॲप, बरा.

तानपुरा ‘अदर’मध्ये तुटक येतो. गायक सा लावतो त्या क्षणी तो नेमका गायब होतो. तो बंद करून स्वतःचा तानपुरा लावा. पण आधी रेकॉर्डचा सा मोजा: जुन्या तबकड्यांचा वेग नेमका नसतो, त्यामुळे सा दोन स्वरांच्या मधेच कुठेतरी सापडतो. ॲपमध्ये सेंटचा काटा असतो, एका अर्धस्वराचे १०० सेंट. त्याने जुळवा.

पट्ट्या एकमेकींशी जुळत नाहीत

वेगळ्या केलेल्या पट्ट्या एमपी३ मध्ये साठवल्या आणि मूळ वेव्हशेजारी मांडल्या की कधी कधी सगळं किंचित मागे पडतं. एमपी३ बनवताना आणि उलगडताना मिळून साधारण ११०५ नमुन्यांची, म्हणजे सुमारे २५ मिलिसेकंदांची मोकळी जागा सुरुवातीला येऊ शकते. काही प्लेयर ती कापतात, काही नाही. सगळं वेव्हमध्येच ठेवा. जागा लागते, मिनिटाला १० एमबी, पाच मिनिटांच्या गाण्याच्या चार पट्ट्या म्हणजे २०० एमबी. रियाज संपला की पुसा.

पट्ट्यांच्या आवाजाचं प्रमाण मूळ गाण्यासारखं नसेल तर डीमक्सची एक सवय तपासा. एखादी पट्टी फाटण्याइतकी मोठी झाली की ते ती एकटीच बारीक करतं. डीमक्समध्ये टाकण्याआधी मूळ गाण्याचाच आवाज थोडा कमी केला की ही कुरबुर टळू शकते. लॅपटॉप मधेच थिजत असेल तर तुकड्याची लांबी कमी करा, किंवा ग्राफिक कार्डाऐवजी प्रोसेसरवर चालवा. वेळ लागेल, पण काम होईल.

आणि हे सगळं घरच्या रियाजापुरतं ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खाजगी वापरासाठीच्या उचित वापराला मुभा देतं. तोच ‘मायनस वन’, म्हणजे एक वाद्य किंवा गायन काढून टाकलेला ट्रॅक, यूट्यूबवर चढवणं किंवा क्लासच्या जाहीर कार्यक्रमात वाजवणं त्यात बसेलच असं नाही. तिथे हक्कधारकाची परवानगी घ्या.

राहिला ब्लूटूथ हेडफोन. ट्रॅक उशिरा पोचतो म्हणून तो वापरू नये असं सांगतात. नुसतं सोबत वाजवताना काही बिघडत नाही, कारण तुम्ही जे ऐकता त्याच्याच लयीत वाजवता. त्रास होतो तो स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करताना: उशीर १५०-२०० मिलिसेकंदांचा असू शकतो, आणि १२० मात्रांच्या लयीत एक मात्राच ५०० मिलिसेकंदांची. ऐकताना वाटतं आपण मागे वाजवतोय, आणि माणूस उगाच हात पळवायला लागतो. रेकॉर्डिंगला वायरचा हेडफोन लावा. तरीही थोडा फरक राहिला तर एक टाळी रेकॉर्ड करून ती ट्रॅकच्या ठोक्यापासून किती सरकली ते मोजा आणि ऑडॅसिटीच्या सेटिंगमध्ये लेटन्सी (उशीर) भरपाईच्या रकान्यात तेवढा आकडा उणे चिन्हासह भरा.