नळी निघाली, आता पुढे? प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचारानंतर या चुका टाळा

ऑपरेशननंतर लघवीसाठी घातलेली नळी (कॅथेटर) काढली त्या दिवशी वाटलं, सुटलो. खुर्चीतून उठून उभा राहिलो आणि पायजमा ओला. सिस्टर म्हणाल्या, "काका, पॅड आणलंय ना?" आणलं नव्हतं. घरी येऊन मी चिडचिड केली, की असलं काही कुणी सांगायला नको का? बायकोने फाइल उघडली आणि डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या पानावर बोट ठेवलं. लिहिलेलं होतं: नळी काढायला येताना पॅड सोबत आणणे.

ही माझी पहिली चूक. त्यानंतर आणखी बऱ्याच केल्या. ऑपरेशनला आता सहा वर्षं झाली. या काळात 'अमक्याचे काका, जरा यांच्याशी बोलता का' असे फोन येत राहिले, तेव्हा इतरांच्याही चुका ऐकल्या. मी डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. गोळीचा डोस इथे शोधू नका. आम्ही लोक जिथे अडखळतो त्या जागा तेवढ्या सांगतो.

दुसऱ्याचं घड्याळ आपल्या मनगटावर

कट्ट्यावरच्या एका मित्राला माझ्याच वर्षी हा आजार निघाला. त्याने रेडिएशन घेतलं, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'लाइट घेणं' म्हणतात ते. मी पॅड लावून फिरत होतो आणि तो ठणठणीत. "तुझा डॉक्टरच कच्चा," असं त्याने मला तोंडावर सांगितलं. दोन वर्षांनी तोच मला बाजूला घेऊन हळूच विचारत होता, "अरे, तुला त्या बाबतीत काही औषध दिलं होतं का?"

दोघांचे डॉक्टर ठीकच होते. आमची घड्याळं वेगळी होती.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, अंगातल्या लघवीच्या मार्गाभोवती बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. ऑपरेशनमध्ये ती काढताना लघवी अडवणाऱ्या दोन झडपांपैकी वरची बहुतेक जाते. उरलेल्या एकीला दोघींचं काम शिकावं लागतं. म्हणून गळती पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि महिन्यामहिन्याने कमी होत जाते. बहुतेकांना तीन ते सहा महिन्यांत बरीच सुधारणा दिसते, काहींना वर्ष लागतं. शिश्नाची ताठरताही त्याच दिवशी जाते, कारण तिच्या नसा ग्रंथीला अगदी चिकटून जातात. या नसा मुद्दाम जपून ऑपरेशन करण्याची पद्धत अमेरिकेतले डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली सुरू केली. पण जपलेल्या नसांनाही मुका मार लागतोच, आणि तो भरून यायला दीड-दोन वर्षंसुद्धा लागू शकतात.

रेडिएशनचं सगळं उलटं. सुरुवातीचे काही आठवडे जळजळ, सारखं जावंसं वाटणं, लागली की थांबता न येणं. मग ते निवळतं. ताठरता मात्र आधी शाबूत असते आणि पुढच्या वर्षांत हळूहळू उतरते. पुरुषी हार्मोन दाबणारी इंजेक्शनं किंवा वृषण काढण्याचं ऑपरेशन झालं असेल तर गोष्ट तिसरीच: तिथे मुळात इच्छाच मावळते. काहींना दोन-दोन उपचार मिळतात, त्यांची दोन घड्याळं एकदम चालू असतात. म्हणून शेजाऱ्याशी तुलना करण्याआधी त्याला नेमकं काय दिलं होतं ते विचारा.

व्यायाम करतोय, पण भलत्याच स्नायूचा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

'केगल करा' एवढं सांगून बरेच दवाखाने मोकळे होतात. हा व्यायाम अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांच्या नावाने ओळखला जातो. बाळंतपणानंतर बायकांची लघवी गळते, त्यासाठी त्यांनी तो १९४८ साली मांडला. पुरुषांच्या वाट्याला तो नंतर आला. मी दोन महिने इमाने इतबारे केला आणि काही फरक नाही. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला झोपवून बघितलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही पोट आत ओढताय, श्वास कोंडताय आणि कुल्ले आवळताय. करायचं ते सोडून सगळं करताय."

त्यांनी सांगितलेली खूण मला पटली: शिश्न आत, अंगाकडे ओढून घेतोय असं मनात आणायचं, थंड पाण्यात कमरेपर्यंत उतरताना होतं तसं. आरशासमोर उभं राहिलं तर मुळाशी किंचित आत सरकलेलं आणि वृषण जरासे वर उचललेले दिसतात. पोट, मांड्या, कुल्ले सैल. श्वास चालू. ५ सेकंद धरायचं, तेवढंच सोडायचं, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. जमत गेलं की १० सेकंदांपर्यंत. आधी झोपून, मग बसून, मग उभ्याने, कारण गळती उभ्यानेच होते. सोडणंही तितकंच महत्त्वाचं आहे. दिवसभर आवळून फिरणाऱ्याचा स्नायू दमतो आणि संध्याकाळी जास्त गळतं.

योगवर्गाला जाणारे म्हणतात, "आम्ही अश्विनी मुद्रा करतोच की." करा, वाईट काहीच नाही. पण तिचा भर मागे, गुदद्वारावर असतो. आपल्याला जो स्नायू शिकवायचा आहे तो पुढचा, लघवीच्या मार्गाभोवतीचा. मीही याच समजात होतो.

आणखी दोन गोष्टी. लघवी करताना मध्येच धार थांबवून बघणं हे स्नायू ओळखण्यापुरतं एकदा ठीक, रोजचा व्यायाम म्हणून नाही. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागते. आणि कॅथेटर आत असताना हा व्यायाम करायचा नाही. ती निघाल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं की सुरू.

खरा उपयोग मात्र गणतीत नाही, वेळेत आहे. खोकला, शिंक, खुर्चीतून उठणं, पिशवी उचलणं याच्या आधी क्षणभर आवळायचं. हे अंगवळणी पडलं तेव्हा माझी दिवसाची चार पॅड दोनावर आली.

पाणी कमी, चहा तितकाच

एसटीने गावाला जायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणारे मी पाहिलेत, आणि स्टँडवर उतरल्यावर दोन कटिंग मारणारेही तेच. पाणी तोडलं की लघवी गडद आणि तिखट होते, मूत्राशय चिडतं, जंतुसंसर्गाला वाव मिळतो. शिवाय बद्धकोष्ठता होते, आणि कुंथण्याचा ताण त्याच स्नायूंवर येतो. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे बंधन नसेल तर दिवसाचं दीड-दोन लिटर पाणी चालू ठेवा, झोपण्याआधीचे दोन तास कमी करा. कमी करायचं ते चहा, कॉफी आणि दारू.

'निघण्याआधी एकदा जाऊन येतो' हेही दर अर्ध्या तासाने नको. मूत्राशयाला थोड्यावरच हाक मारायची खोड लागते.

पॅडचं गणित

पट्ट्यापट्ट्यांच्या ढगळ चड्डीत पॅड राहत नाही. ते अंगाला लागून राहिलं तरच शोषतं, म्हणून घट्ट ब्रीफ हवी. त्या मानाने जुन्या लोकांचा लंगोट बरा. सूनबाईंचे सॅनिटरी पॅड मागणं हाही उपाय नव्हे: ते रक्तासाठी बनवलेले असतात, भसकन आलेली लघवी त्यात मावत नाही. पुरुषांसाठीचे वेगळे, पुढून खोलगट पॅड मिळतात. ओलं पॅड पुरवून पुरवून वापरू नका, जांघेत कातडी सोलवटते. मधुमेह असेल तर बुरशी ठरलेलीच. गादीवर चादरीखाली मेणकापड घाला. नातवंडांसाठी आणलेलं घरात कुठेतरी असतंच.

शिश्नाला लावायचा चिमटा मिळतो. लग्नाच्या पंगतीपुरता, प्रवासापुरता तो कामाला येतो. पण रात्री लावून झोपणं धोक्याचं, आणि दिवसाही दोन तासांच्या आत काढून लघवी करायलाच हवी.

एका गृहस्थांनी आठ महिने देवपूजा सोडली होती. ओलेपणी सोवळ्याला कसं बसायचं, म्हणून. पूजेची जबाबदारी मुलाकडे दिली आणि स्वतः खिडकीशी बसून राहिले. त्यांच्या पत्नीने फोनवर सांगितलं तेव्हा मला गळतीपेक्षा तेच जास्त लागलं. तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन पूजा करणाऱ्या बायकांना देवाने कधी उठवलं आहे का? पॅड बदला, हातपाय धुवा, बसा.

गळती आहे म्हणजे धार मोकळी आहे, हा समज

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी धार बारीक होऊ लागली, जोर लावावा लागला आणि गळतीही वाढली, तर व्यायाम वाढवू नका, दवाखाना गाठा. ग्रंथी काढून जोडलेल्या जागी लघवीचा मार्ग आकसलेला असू शकतो. मूत्राशय भरून वरून सांडतं आणि आपण समजतो स्नायू कमजोर. हा अडथळा दुर्बिणीने मोकळा करता येतो.

लघवी पूर्ण तुंबणं, थंडी वाजून ताप, रक्ताच्या गुठळ्या यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. रेडिएशननंतर काही वर्षांनीही लघवीतून रक्त येऊ शकतं. 'उष्णता झाली' म्हणून सब्जा पीत बसू नका, आणि नव्या डॉक्टरला रेडिएशन झालंय हे आधी सांगा. पाठदुखीसोबत पायांतलं बळ गेलं तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. मग त्याच तासाला इस्पितळ.

"या वयात काय करायचंय?"

हे वाक्य मी डॉक्टरांच्या खोलीत स्वतः म्हणालो. संबंधांबद्दल विचारलं होतं त्यांनी. मी हसण्यावारी नेलं. वर्ष वाया गेलं. पुष्कळ डॉक्टर नसा सावरेपर्यंत रक्तपुरवठा चालू राहावा म्हणून गोळी किंवा व्हॅक्यूम पंप (हवा ओढून शिश्नात रक्त आणणारं साधन) लवकर सुरू करतात. त्याने सगळ्यांच्या नसा परत येतात असं नाही, पण विचारलंच नाही तर काहीच मिळत नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर सिल्डेनाफिल १९९८ साली बाजारात आलं, तेव्हापासून लोकांना वाटतं की गोळी घेतली की आपोआप होतं. तसं होत नाही. मनात इच्छा आणि अंगाला स्पर्श दोन्ही लागतं. श्रीखंड-पुरीवर ताव मारून घेतली तर ती उशिरा आणि कमी लागू पडते. एकदा घेऊन 'चालत नाही' म्हणून ड्रॉवरमध्ये टाकणारे खूप. योग्य डोसवर सहा-आठ वेळा प्रयत्न झाल्याशिवाय निकाल लावू नये. ऑपरेशनमध्ये नसा काढाव्याच लागल्या असतील तर मात्र गोळीचा जोर चालत नाही. तिथे व्हॅक्यूम पंप, शिश्नात घ्यायचं इंजेक्शन, शेवटी ऑपरेशनने आत बसवायचं इम्प्लांट हे मार्ग आहेत. पंपानंतर मुळाशी घालायची रिंग अर्ध्या तासाच्या वर ठेवायची नाही. इंजेक्शननंतर ताठरता चार तास उतरली नाही तर ती इमर्जन्सी आहे, लाजायचा विषय नाही.

आता जिवावरची चूक. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने किंवा नायट्रेटची कुठलीही गोळी घेणाऱ्याने ही औषधं घ्यायची नाहीत. रक्तदाब कोसळतो. केमिस्टकडून परस्पर गोळी आणणारा माणूस हे सांगत नाही आणि केमिस्ट विचारत नाही. 'शुद्ध आयुर्वेदिक' शक्तिवर्धक पुड्यांमध्येही हेच औषध गुपचूप मिसळलेलं सापडलं आहे. टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, इंजेक्शन तर कुणी 'ताकदीसाठी' देऊ केलं तरी कॅन्सरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. हा कॅन्सर त्याच हार्मोनवर पोसतो.

झोपण्याच्या खोलीतल्या काही गोष्टी कुणीच आधी सांगत नाही. ऑपरेशननंतर वीर्य येत नाही, पण सुखाचा क्षण येतो, पुरेशी ताठरता नसतानाही. त्या क्षणी थोडी लघवी निसटू शकते. आधी मूत्राशय रिकामं करा, टॉवेल ठेवा. त्याने बायकोला काही अपाय होत नाही. कॅन्सर संबंधातून लागत नाही, हेही तिला मोकळेपणाने सांगा, कारण ती विचारणार नाही. माझ्या बायकोचा समज वेगळाच होता. मी रात्री पाठ फिरवून झोपायचो ते गळतीच्या लाजेने, आणि तिला वाटायचं, मी तिच्यावर नाराज आहे. हे कळायला आम्हा दोघांना दीड वर्ष लागलं.

हार्मोनवाल्यांसाठी

इच्छा गेली, ती औषधाने गेली. ताठरतेच्या गोळीने ती परत येत नाही. इंजेक्शनं थांबल्यावर काही महिन्यांनी बऱ्याच जणांचं हार्मोन पुन्हा वाढतं, पण ती थांबवायची की नाही हे आपण ठरवायचं नाही. अंगातून वाफा निघतात, घामाने बनियन भिजतो. बायको हसून म्हणेल, "आता कळलं?" पोट सुटतं, हाडं ठिसूळ होतात, विनाकारण रडू येतं. रोज चालणं, थोडं वजन उचलणं, हाडांची तपासणी आणि कॅल्शियमबद्दल डॉक्टरांशी बोलणं, एवढं तरी हवंच.

वर्षभर सोसत बसणं

सहा महिने ते वर्ष नीट व्यायाम करूनही दिवसाला दोन-तीन पॅड भिजत असतील तर ते आता नशीब नव्हे, दुरुस्त होऊ शकणारा बिघाड आहे. कमी गळतीसाठी लघवीच्या मार्गाला आधार देणाऱ्या पट्टीचं ऑपरेशन आहे, जास्त गळतीसाठी कृत्रिम झडप. तिची कळ अंडकोशात बसवतात. दाबली की लघवी होते. ज्यांना ती बसवली आहे त्यांनी खिशात तसं कार्ड ठेवावं. उद्या दुसऱ्याच कारणाने बेशुद्ध होऊन ॲडमिट झालात आणि कुणी झडप आधी मोकळी न करता नळी घातली, तर आत फाटू शकतं.

आणि हे सगळं विचारायचं कधी? आपल्याकडे ओपीडीत मुलगा किंवा सून शेजारी बसलेली असते, त्यामुळे प्रश्न घशातच राहतो. मी आता एकच युक्ती सांगतो: आत गेल्यावर मुलाला म्हणायचं, "बाळा, बिलाच्या खिडकीवर काय रांग आहे ते बघून ये." तो बाहेर पडला की दोन मिनिटं मिळतात. चिठ्ठी आधीच लिहून खिशात ठेवा, आणि पहिला प्रश्न तोच विचारा जो सगळ्यात शेवटी विचारणार होतात.