तुंबलेलं हायवे जंक्शन नव्याने आखायचं तर सुरुवात कुठून करायची

मागे एका ओळखीच्या पोराचा फोन आला, नुकताच एका कन्सल्टन्सीत लागलाय, हातात जुन्या जंक्शनचं काम आलंय. म्हणाला, दादा, फ्लायओव्हर कुठून कुठे टाकायचा ते आधी बघू ना? त्याला सांगितलं की पूल सगळ्यात शेवटी, आणि मग तासभर बोलत बसलो. तेच इथे लिहितोय. उदाहरण पुण्याच्या पश्चिमेला मुंबई-बंगळूर हायवेवर असलेल्या चांदणी चौकाचं घेतो, कारण आपल्याकडच्या बहुतेकांनी तिथे कधी ना कधी अर्धा तास घालवलेला आहे आणि तो चौक तुंबलेला, पाडलेला आणि नव्याने बांधलेला असा तिन्ही अवस्थांत आपण बघितलाय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायची. रस्ता गाड्या जास्त झाल्या म्हणून तुंबतो हे अर्धंच खरं आहे, तो बहुतेक वेळा तुंबतो कारण वेगवेगळीकडे जाणाऱ्या गाड्यांना एकाच शे-दोनशे मीटरच्या पट्ट्यात एकमेकींना आडवं जावं लागतं. डावीकडून चढलेल्याला उजवीकडे सरकायचंय, उजवीकडून आलेल्याला डावीकडे उतरायचंय आणि दोघंही एकाच वेळी ब्रेक दाबतात. आम्ही रस्ते आखणारे याला वीव्हिंग म्हणतो. तिथे लेन वाढवली की आडवं जायचं अंतर अजून वाढतं, जाम तसाच राहतो.

म्हणून पहिलं काम, कोण कुठून येऊन कुठे जातंय ते मोजा. चांदणी चौकात सहा दिशा धरा: मुंबई, सातारा, कोथरूड, मुळशी, पाषाण-बावधन आणि एनडीए. प्रत्येक दिशेकडून बाकीच्या पाचांकडे, म्हणजे ३० वेगवेगळ्या हालचाली झाल्या, यू-टर्न सोडून. या तिसाच्या तीस हालचालींचा आकडा हातात नसताना जो नकाशा काढतो तो अंदाजपंचे काढतो. १५-१५ मिनिटांचे रकाने करायचे, वाहनाचा प्रकार वेगळा नोंदवायचा, आणि मग सगळं पीसीयूत आणायचं, म्हणजे प्रत्येक वाहन किती कारच्या बरोबरीचं ते धरून एकाच मापात. शहराबाहेरच्या रस्त्यांसाठी आयआरसी (रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस) कारला १ धरते, टू-व्हीलरला ०.५, ट्रक-बसला ३ आणि ट्रेलरला ४.५. आपल्याकडे टू-व्हीलर इतक्या की नुसती वाहनं मोजली तर चित्र एक दिसतं आणि पीसीयूत दुसरंच. कोण कुठे बाहेर पडलं ते कळायला नंबर प्लेटचे शेवटचे चार आकडे आत येताना आणि बाहेर पडताना टिपून जुळवायचे, पूर्वी पोरं वही घेऊन उभी राहायची, आता कॅमेरे लावतात.

इथे एक चूक जवळजवळ सगळे नवीन लोक करतात, मी पण केली होती. जाम लागलेला असताना मोजलेला आकडा म्हणजे मागणी नाही. तासाला ३००० गाड्या पुढे सरकल्या म्हणजे ३००० जणांनाच जायचं होतं असं नाही ना, मागे दोन किलोमीटर रांग उभी आहे ती कोण मोजणार? त्यामुळे रांगेची लांबी दर १५ मिनिटांनी नोंदवायची. आणि रांगेचं शेपूट जिथे आहे तिथे नाही, डोकं जिथे आहे तिथे जाऊन उभं राहायचं, कारण रोग तिथे असतो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, शुक्रवारी रात्री एकदा आणि पावसात एकदा तरी स्वतः उभं राहा, ड्रोनचा व्हिडिओ बघून समाधान मानू नका.

चांदणी चौकात उभं राहिलं की दोनतीन गोष्टी लगेच दिसायच्या. हायवेवरून आडवा जाणारा जुना पूल ९०च्या दशकातला, त्याच्याखालून हायवेला जेवढी रुंदी मिळायची तेवढीच, दोन्ही बाजूला खडक. मधल्या काळात हिंजवडी उभी राहिली, बावधन वाढलं, भूगाव वाढलं. वारज्याकडून येणारा चढ, भरलेला ट्रक तिथे खालच्या गिअरमध्ये रांगतो आणि त्याच्यामागे सगळे. त्यात लोकल गाड्यांना थोड्याशा अंतरासाठी सुद्धा हायवेवर यावं लागायचं. म्हणून तिथे नुसता नवा पूल पुरला नसता, रॅम्प (एका रस्त्यावरून दुसऱ्यावर चढायचे-उतरायचे जोडरस्ते) आणि सर्व्हिस रोड मिळून बराच मोठा पसारा करावा लागला.

आता आकार. लोकांना क्लोव्हरलीफ, म्हणजे चार गोल रॅम्पचं जंक्शन, फार आवडतं, वरून चार पाकळ्यांसारखं सुंदर दिसतं, अमेरिकेत न्यू जर्सीत १९२९ साली पहिलं बांधलं. सिग्नल लागत नाही, सगळ्या दिशांना जाता येतं. पण दोन शेजारच्या पाकळ्यांच्या मध्ये जो तुकडा राहतो ना, तिथे एका पाकळीतून चढणारे आणि दुसऱ्या पाकळीत उतरणारे एकमेकांना आडवे जातात, म्हणजे तेच वीव्हिंग तुम्ही पैसे घालून बांधता. आणि जागा किती खाते बघा, सुपरएलिव्हेशन (वळणावर रस्त्याला आतल्या बाजूला दिलेला उतार) ७ टक्के आणि साइड फ्रिक्शन (टायरची आडवी पकड) ०.१५ धरलं तर ३० च्या स्पीडला साधारण ३२ मीटर त्रिज्या पुरते, ४० ला ५७ लागते, ५० ला जवळपास ९०. स्पीड ३० वरून ५० केला की त्रिज्या पावणेतीन पट आणि जमीन आठपट. शहराच्या कडेला एवढी जागा कुणाकडे नसते. त्यामुळे तिसातल्या ज्या तीनचार हालचाली सगळ्यात जड आहेत त्यांना सरळ, मोकळा, मोठ्या वळणाचा रॅम्प द्या, आणि ज्या हलक्या आहेत त्यांना थोडं फिरून जाऊ द्या. दिवसाला शंभर गाड्यांसाठी स्वतंत्र पूल नको. हा निर्णय घेताना स्थानिक लोक ओरडणार, त्यांना आकडे दाखवा, बहुतेकांना पटतं.

जमिनीचं काम नकाशासोबत सुरू करा, नंतर नाही. चांदणी चौकाचं भूमिपूजन २०१७ ला आणि उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ ला, यातला मोठा वेळ भूसंपादनात गेला. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात थ्री-ए, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी अधिसूचना, निघालं की हरकतीला २१ दिवस मिळतात आणि वर्षाच्या आत थ्री-डी, म्हणजे संपादनाची पक्की घोषणा, नाही निघालं तर थ्री-ए रद्द होतं, परत पहिल्यापासून. म्हणून रॅम्प १० मीटर सरकवून चार घरं वाचत असतील तर आधी तो पर्याय तपासा. घर जाणाऱ्या माणसाच्या दारात स्वतः जाऊन बसा, त्याला नकाशा उलगडून दाखवा, मी हे कायम केलंय आणि दोनदा तर त्या माणसाने सांगितलेली पायवाट आणि ओढा आमच्या सर्व्हेत नव्हताच.

मग येतं बांधकाम चालू असताना ट्रॅफिक कुठून न्यायचं, हे डिझाइनइतकंच अवघड आहे. क्रम असा ठेवा की आधी सर्व्हिस रोड आणि बाहेरचे रॅम्प तयार होतील, त्यावर गाड्या वळवता येतील आणि मगच जुन्याला हात लावायचा. जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे एकच्या सुमारास, सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून पाडला तेव्हा हायवे बंद ठेवून ट्रॅफिक दुसरीकडून वळवलं होतं. पूल पहिल्या झटक्यात पूर्ण पडला नाही, आत स्टील अपेक्षेपेक्षा जास्त निघालं आणि उरलेलं काम मशिनने करावं लागलं. यातून शिकायचं एवढंच की जुन्या स्ट्रक्चरचे ड्रॉइंग असले तरी आतलं तपासून घ्या, आणि रस्ता बंद ठेवायची वेळ ठरवताना चारपाच तास जास्तीचे धरा.

बोर्ड. बोर्ड हा शेवटी उरलेल्या पैशातून लावायचा विषय नाहीये. ८० च्या स्पीडला माणूस विचार करून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत अडीच सेकंद धरतात, तेवढ्यात गाडी ५५ मीटर पुढे जाते. म्हणून फाट्याच्या तोंडावर बोर्ड लावला तर तो वाचून लोक तिथेच थांबतात नाहीतर रिव्हर्स घेतात, आणि हायवेवर रिव्हर्स म्हणजे जीवाशी खेळ. एक किलोमीटर आधी, अर्धा किलोमीटर आधी आणि मग फाट्यावर, तिन्ही बोर्डांवर तेच नाव, त्याच क्रमाने. आणि नाव लोक वापरतात तेच लिहा. नवीन चौक सुरू झाल्यावर मी स्वतः बावधनला जाताना चुकून पुढे निघून गेलो होतो, आणि माझं तर हेच काम आहे, मग पहिल्यांदा येणाऱ्याचं काय होत असेल. त्यावर उपाय म्हणजे उद्घाटनाआधी, त्या भागातला नसलेला एक ड्रायव्हर घ्या, त्याला मॅप बंद करायला सांगा आणि तिसाच्या तीस हालचाली करायला लावा. जिथे तो अडखळेल तिथे बोर्ड चुकलाय.

आणि पायी चालणारे. चांदणी चौकात मुंबईच्या, साताऱ्या-कोल्हापूरच्या बसची वाट बघत रोज किती माणसं बॅगा घेऊन उभी असतात, म्हातारी माणसं, लहान मुलं असलेल्या बायका. रॅम्प मोकळे झाले की गाड्यांचा स्पीड वाढतो आणि याच लोकांना रस्ता ओलांडणं आधीपेक्षा जास्त धोक्याचं होतं. त्यामुळे बस बे (बस थांबायला रस्त्याच्या कडेला काढलेली जागा), पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग हे पहिल्या नकाशात पाहिजेत. बस कुठे थांबायला हवी ते तुम्ही ठरवू नका, आज जिथे थांबते तिथे जाऊन बघा, लोक तिथेच का जमतात ते विचारा, आणि स्टॉप तिथून शक्य तितका जवळ ठेवा. जिना देणार असाल तर लिफ्ट किंवा रॅम्प पण द्या, वीस किलोची बॅग घेऊन कोणी जिना चढत नाही, तो डिव्हायडरवरून उडी मारतो.

रस्ता सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी, लोकांना सवय लागली की, परत त्याच जागांवर माणसं उभी करून तेच तीस आकडे मोजा, रांगेसकट. एखाद्या रॅम्पवर अंदाजापेक्षा दीडपट गाड्या असतील तर बोर्ड आणि पट्टे बदलून काही भागतं का ते बघा, ते काम आठवड्यात होतं. त्या पोराला मी हे पण सांगितलं की या फेरमोजणीचे पैसे पहिल्याच एस्टिमेटमध्ये धरून ठेव, नंतर कोणी देत नाही.