हॉट सीटच्या आधीची फेरी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

‘कौन बनेगा करोडपती’सारख्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमासाठी नाव कसं नोंदवायचं, फोन कसा येतो, ऑडिशनला सामान्यज्ञानाची चाचणी आणि मुलाखत कशी होते, हे तुम्हाला एव्हाना ठाऊक असेल, म्हणून त्यात शिरत नाही. मी साताऱ्याची. पतसंस्थेत नोकरी, अभ्यास रात्रीची जेवणं उरकल्यावर. मराठीतल्या अशाच एका कार्यक्रमात खेळायला मिळालं. तिथला ताण अजून अंगात आहे, तोवरच लिहून टाकते.

जो तो तयारी करतो हॉट सीटवरच्या, म्हणजे सूत्रसंचालकासमोरच्या खुर्चीतल्या, प्रश्नांची. पण त्या खुर्चीपर्यंत नेणारी फेरी निराळीच असते. समोर चार पर्याय येतात, ते योग्य क्रमाने लावायचे आणि इतर सगळ्यांच्या आधी लावायचे. सेकंदाच्या शंभराव्या भागावर माणूस मागे राहतो. या फेरीची वेगळी तयारी केली नाही, तर बाकीचा अभ्यास प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवण्यापुरता उरतो. कडू वाटेल, पण आहे ते असं आहे.

कृष्णाकाठची चार गावं घ्या. ए कराड, बी वाई, सी सांगली, डी माहुली. उत्तरेकडून दक्षिणेकडे लावा म्हटलं तर आपल्याकडचं शाळकरी पोरही घडाघडा म्हणेल: वाई, माहुली, कराड, सांगली. नदीच तशी वाहते. आता तोच प्रश्न ‘दक्षिणेकडून उत्तरेकडे’ असा आला की तोंडात आधी वाईच येते आणि बोटही तिकडेच जातं. खरं उत्तर सांगली, कराड, माहुली, वाई. त्यातही स्क्रीनवर गावं दाबायची नसतात, अक्षरं दाबायची असतात: सी, ए, डी, बी. म्हणजे एका दमात तीन कामं. दिशा पकडायची, क्रम लावायचा, क्रमाची अक्षरं करायची. घरी सोफ्यावर बसून आपण फक्त मधलं काम करतो. मग वाटतं, हे तर सोपं आहे.

अर्धं बरोबर असं तिथे काही नसतं. चार पर्यायांचे 24 क्रम होतात, त्यातला एकच चालतो. हॉट सीटवर अंदाजपंचे ठोकलं तरी चारात एक संधी असते, इथे चोविसात एक. मला या फेरीने पहिल्यांदा जागेवरच बसवलं, तेव्हा चारही पर्याय माझ्या ओळखीचे होते. शेजारची मुलगी उठून खुर्चीकडे गेली, तो क्षण अजून टोचतो. त्यानंतरच्या फेरीतून मी वर गेले.

म्हणून सांगते, वही विषयवार काढू नका, साखळ्यांची काढा. 1919 रयत शिक्षण संस्था, 1943 प्रतिसरकार, 1952 खाशाबा जाधवांचं हेलसिंकीतलं कांस्यपदक, 1967 कोयनेचा भूकंप. ही साखळी सुलट म्हणा, उलट म्हणा, मग घरातल्या कुणाला तरी विस्कटून विचारायला लावा. ग्रह, नद्या, राष्ट्रपती, राज्यांची क्षेत्रफळं, सगळं असंच. पुठ्ठ्यावर ए, बी, सी, डीचे चौकोन काढून बोटाने दाबायची सवय करा. माझ्या सासूबाई पोळ्या लाटता लाटता चार नावं फेकायच्या आणि मी फ्रीजवर चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर बोट ठेवायचे. वेग हळूहळू येतो, नक्की येतो. मुळात मी काही चपळ नाही.

‘हमखास निवड’ म्हणून पैसे घेणाऱ्या कुणाच्याही नादी लागू नका. लॉटरी लागली, आधी अमुक रक्कम भरा, असा व्हॉट्सॲपवर निरोप आला तर ती सरळसरळ फसवणूक आहे. आणि पाच हजार प्रश्नोत्तरांच्या त्या पीडीएफ! माझं मत पक्कं आहे, त्यांनी फक्त मोबाईल भरतो. आमच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींनी मला रोज एक वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचायला आणि प्रत्येक गाव नकाशात शोधायला लावलं. असा एक माणूस शोधा, तो कुठल्याही क्लासपेक्षा बरा.

फोनवरचा मित्र, म्हणजे उत्तर अडलं की ज्याला फोन लावून विचारता येतं तो, निवडताना बहुतेक जण सगळ्यात हुशार माणसाचं नाव देतात. मी देणार नाही. तीस सेकंदांत प्रश्न आणि चार पर्याय वाचण्यातच निम्मा वेळ जातो. विद्वान काका ‘हे बघ, त्याचं असं आहे’ म्हणेपर्यंत फोन कटतो. माहीत असेल तर पर्याय सांगणारा, नसेल तर लगेच ‘नाही माहीत’ म्हणणारा माणूस हवा. घरून खरोखर फोन लावून, घड्याळ लावून सराव करा.

पडावाचं, म्हणजे पुढे चुकलं तरी हातात राहणाऱ्या रकमेच्या टप्प्याचं, गणितही आधीच करून ठेवा. ‘कौन बनेगा करोडपती’च्या बऱ्याच पर्वांत पाचव्या प्रश्नाला 10,000 आणि दहाव्याला 3,20,000 असे पडाव होते. दहावा प्रश्न समोर असताना हातात 1,60,000 असतात, चुकलात तर थेट 10,000 वर. तिथे खात्री नसेल तर खेळ सोडा, लोक काहीही म्हणोत. पण दहावा पार झाला की अकराव्याला चुकूनही 3,20,000 कुठे जात नाहीत, मग तिथे घाबरून सोडण्यात काय अर्थ? तुमच्या पर्वाचे आकडे वेगळे असतील. ते पाठ करून जा, खुर्चीत बसून वजाबाकी सुचत नाही.

इंग्रजी कच्चं आहे, शिक्षण कमी आहे, म्हणून मागे फिरू नका. अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे शाळेत खिचडी शिजवायच्या, 2019 मध्ये त्यांनी हिंदीतल्या कार्यक्रमात एक कोटी जिंकले.

कपडे एकरंगी न्या, बारीक चौकडी कॅमेऱ्यात थरथरते. शूटिंगचा दिवस लांबतो, म्हणून साताऱ्याहून आदल्या दिवशीच निघा. पहाटेच्या एसटीवर विसंबून खंबाटकी घाटात अडकू नका.

आणि जिंकलेल्या रकमेतून 30 टक्के कर आधीच कापला जातो, विवरणपत्र भरताना त्या करावर आणखी उपकर (सेस) लागतो. ठरावीक उत्पन्नापर्यंत कर माफ असतो, ती मर्यादा या रकमेला लागू होत नाही, प्रवासाचा खर्चही वजा करता येत नाही. भावाला ट्रॅक्टर, नणंदेला सोनं असं काही कबूल करायच्या आधी हातात पडणारा आकडा कागदावर मांडून घरच्यांना दाखवा.