चार गावांचा एक ट्रॅक्टर: संयुक्त कचरा योजनेत या चुका टाळा

कोल्हापूर शहराभोवतीच्या करवीर तालुक्यात ग्रामसेवक म्हणून नोकरी झाली. आता निवृत्त आहे, तरी फोन येतात. "साहेब, आम्ही चार गावं मिळून कचऱ्याचं काम करायचं म्हणतोय, मशीन कुठलं घेऊ?" मशीनचा प्रश्न पहिल्या वाक्यात आला की मला पुढचं सगळं दिसायला लागतं.

शहराला खेटून असलेल्या गावांना एकत्र येण्याशिवाय गत्यंतर नाही, हे खरंच आहे. उचगावचा ओढा उचगावात थांबत नाही. शहराच्या हद्दवाढीचा वाद टळावा म्हणून २०१७ मध्ये शहर आणि ४२ गावांसाठी नागरी विकास प्राधिकरण झालं, पण घंटागाडी कोण फिरवणार, हा प्रश्न शेवटी ग्रामपंचायतीच्या दारातच येतो. तिथूनच चुका सुरू होतात.

"सहकार्य करावे" असा ठराव

ही माझी सगळ्यात नावडती चूक. नदीकाठच्या चार गावांची बैठक देवळाच्या सभामंडपात झाली होती. चहा, भडंग, टाळ्या. ठराव झाला, "चारही गावांनी घनकचरा व्यवस्थापनात सहकार्य करावे." सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. मी तेव्हा नवीन होतो, मीच तो इतिवृत्तात उतरवला. ट्रॅक्टर-ट्रॉली एका गावाच्या नावावर घेतली, डिझेल आळीपाळीनं घालायचं ठरलं. तोंडी.

दुसऱ्या महिन्यातच भांडण. एका गावात दोन मंगल कार्यालयं. लग्नसराईत तिथल्या पत्रावळ्या आणि पाण्याच्या बाटल्यांनीच ट्रॉली भरायची. बाकीचे म्हणाले, "घाण तुमची आणि डिझेल सारखं व्हय?" त्यांचंही चूक नव्हतं. पुढं एका गावात निवडणूक झाली. नव्या सरपंचांनी विचारलं, "आमचा वाटा किती, दाखवा ठरावात." दाखवायला काय होतं? ट्रॅक्टर शाळेमागं उभा राहिला. आधी बॅटरी गेली, मग पुढचं एक चाक बसलं. शेवटी ट्रॉलीत कुणाच्या तरी कोंबडीनं अंडी घातली, तेवढाच त्या योजनेचा लाभार्थी.

तेव्हापासून मी मजकूर आधी पेन्सिलीनं लिहितो आणि चारही गावांत शब्द न शब्द तोच घेतो. गाडी कुणाच्या नावावर, कुणाचा वाटा किती आणि कशावरून काढला, पैसे कुठल्या खात्यात नि कुठल्या तारखेला, चालकाचा पगार कोण देणार, वाटा थकला तर काय, बाहेर पडायचं तर किती महिने आधी कळवायचं. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात संयुक्त समितीची सोय आहे, ती वापरा. पहिल्या तिमाहीचा वाटा चारही गावांकडून जमा झाल्याशिवाय मी गाडीला किल्ली लावू देत नाही. लोक म्हणतात हा माणूस किचकट आहे. असू दे.

ग्रामसभेचंही तेच. गणसंख्या १५ टक्के मतदार किंवा १००, जे कमी असेल ते. घरोघर वही फिरवून सह्या गोळा करणारे शहाणे पुढं हमखास तक्रारीत अडकतात.

मे महिन्यात जागा बघणं

मेमध्ये पंचगंगेकाठचं गायरान बघा, मैदानच वाटतं. सपाट, रस्त्याला लागून, फुकट. अशाच एका जागेवर शेड ठरत होती. अभियंता फीत धरून उभा. शेजारच्या रानातली एक आजी विळा हातात घेऊन आली आणि म्हणाली, "त्या बाभळीकडं बघा की." बाभळीच्या काट्यांत माझ्या डोक्याच्याही वर प्लॅस्टिकच्या चिंध्या लटकत होत्या. पुरानं ठेवून गेलेल्या.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पूररेषेच्या नकाशातली निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. नकाशावर दोन्ही बघाच, पण आमच्याकडं शंभर वर्षांचा पूर दोन वर्षांनी परत येतो, म्हणून बाभळीही बघा. तिथं साठवलेला कचरा खाली शिरोळकडं, पार नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत जातो. माझी सवय अशी, की जागा श्रावणात चिखल तुडवत बघायची, तीही गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन.

बाकीच्या किरकोळ, पण नडणाऱ्या

लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरू नका. उपनगरी गावांत तेव्हापासून अपार्टमेंट उभी राहिलीत. घरपट्टीचं रजिस्टर काढा.

पंधराव्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा होता, निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. तरी काम गावाच्या विकास आराखड्यात नसेल तर खर्च टाकता येत नव्हता. एका गावानं घेतलं आणि तिघांनी विसरलं, की योजना तिथंच लंगडी.

ओला-सुका वेगळा होत नसताना खताचं यंत्र घेऊ नका. नका म्हणजे नका.

सांडपाणी विसरू नका. नळाला आलेल्या पाण्यातलं सुमारे ८० टक्के गटारात जातं. नवी नळयोजना झाली की टाळ्या वाजतात आणि ओढा वर्षभरात काळा होतो. वरच्या गावानं शोषखड्डे काढले नाहीत तर खालच्या गावानं कितीही केलं तरी उपयोग शून्य. त्यामुळं बैठकीला वरच्या गावाला आधी बोलवा, त्यांची गरज नसली तरी.

उद्घाटनाचा फलक सगळ्यात शेवटी रंगवा.

परवा एक तरुण सरपंच आला होता. हुशार पोरगा, मोबाईलवर तीन कंपन्यांची दरपत्रकं. मी म्हटलं, "आधी चारही गावांच्या ठरावाच्या वह्या घेऊन ये." जरा हिरमुसला. "आणतो सर" म्हणून गेला. एक वही आली आहे.