चालता चालता बदलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंट्स लिहिताना

एम. टेक.च्या प्रकल्पात मी ठिबक सिंचनाच्या एका नियंत्रकाच्या रिक्वायरमेंट्स, म्हणजे त्याने काय केले पाहिजे याच्या अटी, लिहायला घेतल्या, तेव्हा पहिल्याच पानावर वाक्य होते : ‘जमिनीतील ओलाव्याची नोंद दर ५ मिनिटांनी झालीच पाहिजे.’ नियंत्रक सौर पॅनेलवर चालणारा होता. ढगाळ हवेत बॅटरी उतरू लागली की नोंदींमधले अंतर त्याने स्वतःहून वाढवावे, हीच तर त्याच्याकडून अपेक्षा होती, आणि माझे वाक्य नेमकी तीच वाट अडवत होते.

या विषयात नव्याने येणाऱ्यांनी २००९ साली मांडलेली ‘रिलॅक्स’ ही रिक्वायरमेंट्स लिहिण्याची भाषा आधी अभ्यासावी, असे मी आग्रहाने सांगेन. ‘शक्य तितके जवळ’, ‘शक्य तितक्या लवकर’ अशा शब्दप्रयोगांना तिच्यात फझी तर्कशास्त्राच्या (खरे आणि खोटे यांच्या मधल्या पायऱ्याही मानणाऱ्या तर्कशास्त्राच्या) आधारे नेमका अर्थ दिलेला आहे. शिवाय अशा शब्दांनी सैल केलेल्या रिक्वायरमेंटसोबत परिसरातील कोणती गोष्ट अनिश्चित आहे, ती कशाने मोजली जाते, त्या दोहोंचा संबंध काय आणि इतर कोणत्या रिक्वायरमेंट्सवर परिणाम होतो, हेही नोंदवावे लागते. यातला शेवटचा मुद्दा मी घाईने उरकला.

विहिरीतील पाणी फूटव्हॉल्व्हच्या (पंपाच्या शोषनळीच्या तळाशी असलेल्या झडपेच्या) खाली गेल्यास पंप बंद असलाच पाहिजे, ही अट मात्र मी सैल केली नव्हती. ती टेम्पोरल लॉजिकमध्ये, म्हणजे काळानुसार काय खरे असावे हे सांगणाऱ्या तर्कभाषेत, लिहिली आणि मॉडेल चेकरने, म्हणजे प्रतिमानाच्या सर्व शक्य अवस्था तपासणाऱ्या प्रोग्रॅमने, ती मान्यही केली. मार्गदर्शकांनी सूत्रावर बोट ठेवून विचारले, ‘‘ही पातळी विहिरीतली, की सेन्सरने शेवटची कळवलेली?’’ ती सेन्सरची होती. परिसराबद्दलची विधाने आणि यंत्राला दिसणारी माहिती वेगळी ठेवण्याचा आग्रह पामेला झेव्ह आणि मायकेल जॅक्सन या सॉफ्टवेअर-संशोधकांनी १९९७ मध्येच धरला होता. मी तो वाचलेला होता, पण सूत्र लिहिताना पाळला नव्हता.

खरी पातळी स्वतंत्र चल म्हणून घेताच चेकरने प्रतिउदाहरण, म्हणजे अट मोडणारा घटनाक्रम, दाखवले : बॅटरी उतरते, सगळ्याच सेन्सरांचे वाचन ३० मिनिटांवर जाते, एका वाचनानंतर लगेच पाणी खाली जाते आणि पंप जवळजवळ अर्धा तास कोरडा चालत राहतो. सुधारित अट अशी झाली, की पंप चालू असेपर्यंत बॅटरी कितीही उतरली तरी पातळी दर ३० सेकंदांनी वाचावी आणि पाणी खाली गेल्यापासून ४० सेकंदांत पंप थांबावा. त्यासाठी लागणारी वीज ओलाव्याच्या नोंदी आणखी विरळ करून वाचवावी लागली.