ऑक्टेव्हमधून ग्नूप्लॉट चालवताना 'फाईल उघडता येत नाही'

विंडोजवर ऑक्टेव्हच्या (गणिती आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) सिस्टम कमांडने, म्हणजे बाहेरचा प्रोग्राम चालवणाऱ्या कमांडने, ग्नूप्लॉटला (ग्राफ काढणारा प्रोग्राम) स्क्रिप्ट द्यायची, एवढंच काम. फाईल डी ड्राइव्हवर समोर दिसतेय आणि ग्नूप्लॉट म्हणतो उघडता येत नाही. ग्नूप्लॉट परत टाकला, एन्व्हायर्नमेंटमधला पाथ तपासला, अ‍ॅडमिन म्हणून चालवलं, काही फरक नाही. दोन संध्याकाळी गेल्या, डोकं उठलं नुसतं.

शेवटी फाईलचा पाथ (पूर्ण पत्ता) डिस्प या छापायच्या कमांडने स्क्रीनवर छापला तर तो मधेच तुटून खालच्या ओळीवर! फोल्डरचं नाव 'न्यू डेटा', म्हणजे बॅकस्लॅशच्या पुढे इंग्रजी स्मॉल एन, आणि डबल कोट्समध्ये ऑक्टेव्ह त्याला नवी ओळ समजतं (टी असेल तर टॅब, तो तर दिसतही नाही).

मग असं केलं. आधी पाथ सिंगल कोट्समध्ये घेतला. मग सगळे बॅकस्लॅश काढून साधे फॉरवर्ड स्लॅश टाकले, विंडोजवर ऑक्टेव्ह आणि ग्नूप्लॉट दोघांनाही चालतात. ऑक्टेव्हच्या एक्झिस्ट कमांडने फाईल सापडते का ते तपासलं, 2 आलं म्हणजे फाईल आहे. मग सिस्टमची पूर्ण कमांड सिंगल कोट्समध्ये आणि आत फक्त पाथला डबल कोट्स, कारण नावात स्पेस आहे, नाहीतर पाथचे दोन तुकडे होतात. स्टेटस 0 आला, म्हणजे कमांड नीट चालली, ग्राफ उघडला. ग्नूप्लॉटच्या स्क्रिप्टमध्येही डबल कोट्सची हीच गंमत आहे, तिथले पाथपण बदला.